तालात बसवलेली हाक

त्या कॅसेटचं कौतुक कानावर आलं की अजूनही माझं डोकं फिरतं. मध्यंतरी कल्याणला एका हार्डवेअरच्या दुकानात वेल्डिंगच्या कांड्या घ्यायला गेलेलो. काउंटरवरच्या माणसाने मला निरखून पाहिलं आणि म्हणाला, "तुम्ही त्या बँडमध्ये होतात ना? पत्रे वाजवायचात? आमच्या कॉलेजात सगळ्यांकडे होती तुमची कॅसेट. डोंबिवलीतलं पहिलं इंडस्ट्रियल मेटल! आणि ते हाण, हाण, हाण... काय टाइट होतं!" असं म्हणून त्याने काचेवर बोटांनी ताल धरला. अगदी एकसारखा. मी कांड्या तिथेच सोडून बाहेर आलो.

त्याचा काही दोष नव्हता. कॅसेटवर जे आहे तेच तो वाजवत होता. जे आहे ते खोटं आहे, हे त्याला कुठून कळणार? कॅसेटच्या कागदावर तसं छापलेलं नाही. म्हणून मी इथे लिहितो.

मी सातवीतून शाळा सोडलेला मुलगा. गाव यवतमाळच्याही पलीकडे. वडील गेले तेव्हा आईने एका लांबच्या मामाबरोबर मला डोंबिवलीला पाठवलं, आणि मामाने मला एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपच्या शेठपुढे नेऊन उभं केलं. प्रेस शॉप म्हणजे पत्र्याला दाबून आकार देणाऱ्या मशिनींचा कारखाना. शेठने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, "जेवलास का?" विचारलं आणि वडापाव मागवला. राहायला शेडमधला पोटमाळा दिला. हे मी मुद्दाम आधी लिहितोय, कारण ते खरं आहे. त्या माणसाने ठेवून घेतलं नसतं तर माझं काय झालं असतं, हा विचार मी रोज करायचो. पुढे दिवा स्टेशनजवळ चौघांत मिळून खोली घेतली, तरी पाण्याचे कॅन उचलून आणताना वाटायचं, उद्या शेठने 'जा' म्हटलं तर हे कॅन तरी कुठे ठेवणार? घाबरट होतो मी. अजूनही आहे. कुलूप लावून अर्ध्या वाटेवरून परत येतो आणि ओढून बघतो.

शेठला ते बरोबर माहीत होतं. "याला मी उभा केला," असं तो कोणाहीसमोर म्हणायचा, माझ्या डोक्यावर हात ठेवून. आधी आधी ते ऐकून मला भरून यायचं. नंतर त्या हाताखाली मान आखडायला लागली.

आमच्याकडे एक मोठी प्रेस होती, कूलरच्या बाजू काढायची. पत्रा एवढा रुंद की ते एकट्याचं काम नाही. एकाने समोरून पत्रा आत सरकवून नीट बसवायचा, दुसरा पलीकडे पॅडलवर उभा. मध्ये उभा राहणारा पत्रा आडवा येतो, त्यामुळे पॅडलवाल्याला समोरच्याचे हात दिसत नाहीत. म्हणून पत्रा लावणाऱ्याने हात बाहेर काढायचे आणि ओरडायचं, "हाण!" हाक आली की पॅडलवर पाय, आणि पाय पडला की प्रेस खाली. हाक नाही तर पाय नाही. पत्रा सुरळीत गेला की हाक लगेच यायची, अडकला की उशिरा यायची, कधी मध्येच घाम पुसायला माणूस थांबला की बराच वेळ यायचीच नाही. बाहेरून ऐकणाऱ्याला त्यात काही ताल सापडला नसता.

ती हाक सगळ्यांत चांगली द्यायचा तो दादूस. खाडीकाठच्या कोळीवाड्यातला माणूस, माझ्याहून बराच मोठा. सगळे त्याला दादूसच म्हणायचे. त्याचा बाप होडीवर जाळं ओढताना हाक द्यायचा, सगळ्यांचे हात दोरावर आलेत हे बघून. मग खाडीच्या मासळीला रॉकेलचा वास यायला लागला, ती कोणी घेईना, आणि दादूस कारखान्यात आला. येताना बापाची हाक घेऊन आला. मी नवा होतो तेव्हा पॅडलवर मला त्याच्यासमोर उभं केलेलं. मी म्हटलं, "मले भेव लागते."

"मले?" दादूस हसला. "आरं, कनच्या देशाचा तू? भेव बिव काय नाय. तू माज्याकरं बघूच नको. कान उघरं ठेव. मी बोललो का हाण, मंगच हाणायचं. मी मेलो तरी मंगच."

अख्ख्या शेडमध्ये मला तेवढ्याच एका जागी भीती वाटायची नाही.

आता बँडचं. डिप्लोमाला शिकणारा एक मुलगा ट्रेनिंगसाठी आमच्याकडे आला. डोंबिवली पूर्वेचा, त्याचे वडील आणि शेठ एकाच गणेशोत्सव मंडळावर. बाकीची ट्रेनिंगवाली पोरं कानात कापूस घालून फिरायची. हा मोठ्या प्रेससमोर डोळे मिटून उभा राहिला. सुपरवायझरला वाटलं याला चक्कर आली.

"काय साउंड आहे यार," तो मला म्हणाला. मग त्याने सांगितलं की परदेशात कारखान्यांच्या शहरांमध्ये पोरं असंच संगीत करतात, मशिनीचे आवाज आणि वर गिटार. त्याला इंडस्ट्रियल मेटल म्हणतात.

"इंडस्ट्रियल म्हणजे एमआयडीसीतलं?" मी विचारलं.

तो एवढा हसला की त्याला खाली बसावं लागलं. पण मग गंभीर होऊन म्हणाला, "हो रे. अगदी तेच."

तो गिटार वाजवायचा आणि ओरडायचा. त्याचा एक वर्गमित्र बास वाजवायचा. तो काही बोलायचा नाही, फक्त मान हलवायचा. मला त्यांनी पत्रे, पिंप आणि पाईप दिले. कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी असायची. दर शुक्रवारी कोपरला त्याच्या काकांच्या रिकाम्या गाळ्यात आम्ही शटर पाडून वाजवायचो. मी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी जोरात करत होतो आणि कोणी गप्प बस म्हणत नव्हतं. मी हातोड्याने पत्र्यावर मारायचो तेव्हा भीती जायची. हे उपकार त्या मुलाचे, मी नाकारत नाही. त्याची आई, म्हणजे माझ्यासाठी काकू, वाजवून झाल्यावर मला जेवायला बसवायच्या आणि वाचनालयातून आणलेलं पुस्तक हातात द्यायच्या. "पुढच्या शुक्रवारी मला गोष्ट सांगायची हं, बाळा." मी आज चार ओळी धड लिहू शकतो त्या काकूंमुळे. बघा, माझं सगळं असंच आहे. ज्याच्यावर चिडायचं, त्याच्याच घरचं खाल्लेलं.

उन्हाळ्याच्या तोंडाला कूलरची मोठी ऑर्डर आली. शेठ शेडमध्ये येऊन मोठ्या प्रेसपाशी उभा राहिला. दादूसने हाक दिली, प्रेस पडली, दादूसने पत्रा काढला, नवा लावला, थोडा तिरका गेला, परत काढून लावला, मग हाक.

"हे काय मासळी बाजार लावलाय?" शेठ म्हणाला. दोन-तीन जण हसले, कारण शेठ हसत होता. "आरडाओरडीत अर्धा वेळ जातो. हाक कशाला पाहिजे? तालात मारा. एक-दोन-तीन-हाण, मनातल्या मनात. हा आपला बँडवाला आहेच, याला विचारा ताल कसा असतो."

माझ्याकडे बोट दाखवलं त्याने. आणि त्या दिवसापासून हाक बंद. खरंच काम वाढलं. प्रेस घड्याळासारखी पडायला लागली, आणि मला पलीकडच्या मशिनीवर काम करताना तो एकसारखा आवाज पाठीवर कोणी टिचक्या मारतंय असा वाटायचा. दादूस तालात पत्रे लावायचा. चांगला लावायचा. पत्र्याला मात्र ताल कळत नाही. एका दुपारी एक पत्रा अडकला. पॅडलवर नवा माणूस होता, तो मनातल्या मनात मोजत होता, त्याला जसं सांगितलं तसं. दादूसच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

शेठने हॉस्पिटलचं सगळं केलं, तेही लिहितो. आणि चौकशीला फॅक्टरी इन्स्पेक्टर साहेब आले तेव्हा तोच शेठ म्हणाला, "आमच्याकडे प्रत्येक ठोक्याला हाक द्यायची पद्धत आहे, साहेब. ह्यानेच हाक दिली आणि ह्यानेच हात आत ठेवला. घाई. काय करणार?"

मी पुढे झालो. म्हटलं, "साहेब, हाक बंद केली होती."

शेठने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पोरगं घाबरलंय. माझ्याकडेच वाढलंय ते. जा, पाणी पी." साहेबांनी समजूतदारपणे मान हलवली. बाकीचे सगळे जमिनीकडे बघत होते. त्यांच्यासाठीही कधी ना कधी शेठने वडापाव मागवलेला होता. चौकशी तिथेच मिटली आणि दादूसला 'स्वतःच्या चुकीने' एवढाच शब्द घरी घेऊन जाता आला. चूक! ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचे हात सांभाळले, त्याची चूक!

मी कोपरच्या गाळ्यात जाऊन एक पिंप चेपून टाकलं. गिटारवाला बघत होता. मी दमून बसलो तेव्हा त्याने विचारलं, आणि मी सगळं सांगितलं. त्याचे डोळे भरले होते, हे मला आठवतं. तो म्हणाला, "ह्याचं गाणं करू. आपल्या कॅसेटचं पहिलं गाणं हेच."

ते गाणं मी बांधलं. शब्द एकच, हाण. सुरुवातीला दादूसची खरी हाक, वेडीवाकडी, कधी लवकर कधी उशिरा, आणि प्रत्येक हाकेनंतर माझा पत्र्यावर घाव. मग हाक बंद. तिथून पुढे घाव एकसारखे, जलद, गिटार चढत जाते, ऐकणाऱ्याला कुठेतरी खटकायला लागतं की हाक कुठे गेली. आणि मग सगळं एकदम थांबतं. ऐकणाऱ्याने दादूसला पाहिलेलं नसलं तरी त्याला कळावं, काय झालं आणि कोणामुळे झालं. साहेबांनी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, कॅसेट ऐकतील.

दादूस गाळ्यात येऊन हाका देऊन गेला. हाताला अजून पट्टी होती. मी पत्रा उचलून ठेवायचा, हात बाजूला घ्यायचे, तो माझ्या हातांकडे बघून ओरडायचा. बासवाल्याने टेप चालू ठेवली. मध्येच दादूस म्हणाला, "आरं, हात काढ ना बाहेर, यो काय खेल हाय?" तेसुद्धा टेपवर आलं. गिटारवाला म्हणाला, ते ठेवूया, भारी आहे.

ठाण्याच्या एका स्टुडिओत एका शुक्रवारी मी माझे पत्रे वाजवून आलो. बाकीचं काम मधल्या वारी होतं, मला शिफ्ट होती. कॅसेटी तयार होऊन खोक्यांमधून गिटारवाल्याच्या घरी आल्या तेव्हा त्याने मला बोलावून घेतलं. काकूंनी शिरा केलेला. पहिली कॅसेट आली म्हणून. मी पहिला घास तोंडात घातला आणि त्याने बटण दाबलं.

हाण. हाण. हाण. हाण.

एकच हाक. दादूसची एकच हाक उचलून यंत्रात भरलेली, आणि ते यंत्र ती ठरावीक अंतराने ओकत होतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. गिटार चढली तरी हाण, घाव जलद झाले तरी हाण. कुठे थांबत नव्हतं. सगळं गाणं संपून गेलं आणि शेवटचा आवाजही हाणच.

"काय केलंस हे?" मी म्हटलं.

"सँपलर! ऑर्केस्ट्रावाल्याकडून आणला. अरे, दादूसच्या हाका रिदम मशीनबरोबर बसतच नव्हत्या. एक हाक इकडे, एक तिकडे. मग त्यातली बेस्ट निवडली आणि लूप केली. आता बघ कसं टाइट झालंय."

"हाक बंद व्हायची होती मध्ये."

"केली होती. स्टुडिओवाला म्हणाला, लोकांना वाटेल कॅसेट खराब आहे. आणि खरं सांगू? हाक गेली की गाणं पडतं. लोकांना डोकं हलवता आलं पाहिजे ना."

"ही हाक हात न बघताच येतेय!"

"अरे, गाण्यात कुठे हात असतात?"

तो काही वाईट मुलगा नव्हता. दादूसचा आवाज सगळीकडे पोचवतोय, असंच त्याला मनापासून वाटत होतं. मला मात्र त्या खोलीतलं सगळं उचलून फेकावंसं वाटत होतं. शेठने साहेबांना जे सांगितलं, तेच कॅसेट सांगत होती, प्रत्येक ठोक्याला हाक होती, तरी याचा हात आत राहिला. शेठचं खोटं आम्ही गिटार लावून छापलं होतं, खोकी भरून. मला हे सगळं बोलायचं होतं. तोंडात शिरा होता. काकू दारात उभ्या होत्या, म्हणाल्या, "आवडला का रे, बाळा? गोड कमी नाही ना झालं?"

"नाही, काकू," मी म्हटलं. "छान झालाय."

तेवढ्यात त्याचे वडील बाहेरून आले, हातात निमंत्रणपत्रिका. वाचनालयाच्या हॉलमध्ये रीतसर प्रकाशन ठेवलं होतं. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, सगळं. डोंबिवलीत कवितांच्या पुस्तकाचं जसं होतं तसंच, फक्त ह्यात आम्ही पत्रे वाजवणार. प्रमुख पाहुणे म्हणून शेठ. "कॅसेटीला त्यांनीच हातभार लावलाय," ते म्हणाले, "आणि तुमच्या त्या जखमी कामगाराचा सत्कारही त्यांच्याच हस्ते. त्यांनी स्वतःहून सुचवलं. मोठ्या मनाचा माणूस."

मी कॅसेट घेऊन दादूसच्या घरी गेलो. अंगणात त्याची बायको सुकट निवडत बसलेली. दादूसने डाव्या हाताने कॅसेट टेपमध्ये घातली, आणि आम्ही तिघांनी ऐकली. त्याची बायको आधी हसली. "एवरा वेल न दमता वरारलाव? घरान तं एका हाकेला ओ नाय देत."

दादूस हसला नाही. गाणं संपेपर्यंत तो आपल्या पंजाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आवाज माजा हाय. पन यो बघत कनाकरं हाय?"

"कोणाकडेच नाही," मी म्हटलं. "दादूस, मी त्यांना सांगतो तुझा आवाज काढून टाका. आणि तू सत्काराला येऊ नकोस."

"कशाला नको येव? शेठ मना वॉचमन ठेवनार हाय. बोललाय तसा." मग कॅसेट बाहेर काढत, "तू वाजवनार हाय ना? मंग मी येनार. तिथं बघू."

तिथं बघू म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. रागाने माझे कान इतके गरम झालेले की मला आणखी काही ऐकायचं नव्हतं.

प्रकाशनाच्या संध्याकाळी हॉल भरला. पुढच्या रांगांत मंडळाचे काका-काकू, मध्ये कॉलेजची काळे टी-शर्ट घातलेली पोरं, आणि मागे भिंतीला टेकून आमच्या शॉपचे कामगार, कारण शेठने सगळ्यांना यायला सांगितलेलं. स्टेजवर एका बाजूला समई आणि हार घातलेली सरस्वती, दुसऱ्या बाजूला माझी गंजलेली पिंपं. शेठने चकचकीत कागदात बांधलेली कॅसेट सोडवली आणि फोटोसाठी वर धरली. मग दादूसला बोलावून शाल घातली. नारळ त्याच्या हातात देताना जरा गोंधळ झाला, कारण शेठने तो उजव्या हातापुढे धरला. दादूसने डावा पुढे केला.

मग शेठ माईकवर आला. म्हणाला, उद्योग आणि कला यांचं नातं जुनं आहे. म्हणाला, हा वाजवणारा मुलगा माझ्याकडे आला तेव्हा एवढासा होता, याला मी उभा केला. आणि म्हणाला, "आमच्याकडे शिस्त अशी की हाकेशिवाय मशीन चालत नाही. ह्या कॅसेटमध्ये ऐका, प्रत्येक ठोक्याला हाक आहे. दुर्दैवाने कधीकधी माणूस स्वतःच चुकतो. पण आम्ही आमच्या माणसाला विसरत नाही." टाळ्या पडल्या. काळ्या टी-शर्टवाल्यांनीही वाजवल्या. मागे भिंतीपाशी मात्र कोणाचे हात हलले नाहीत.

माझ्या शेजारी टेबलावर तो सँपलर होता. त्याचं बटण दाबायचं काम माझ्याकडे दिलेलं, आणि ते दाबल्याबरोबर दादूसची हाक चालू होणार होती. गिटारवाल्याने चार मोजले. मी बटण दाबलं नाही. त्याने वळून बघितलं, पुन्हा चार मोजले. मी यंत्राची वायर काढली आणि दादूसकडे बघितलं. तो सत्काराच्या खुर्चीत शाल पांघरून, मांडीवर नारळ घेऊन बसला होता.

"दादूस," मी म्हटलं, "हाक दे."

तो उठला. नारळ खुर्चीवर ठेवला. पत्र्याच्या समोर येऊन उभा राहिला आणि माझ्या हातांकडे बघितलं. मी पत्रा नीट लावला, हात बाजूला घेतले.

"हाण!"

मी मारलं. हॉल दणाणला, पुढच्या काकूंनी कानावर हात ठेवले. पुन्हा पत्रा, पुन्हा हात. तो थांबला, बघितलं, मग, "हाण!" असं काही वेळ चाललं, कधी लवकर कधी उशिरा. गिटारवाल्याला कुठे शिरावं कळेना, तो नुसता उभा. काळ्या टी-शर्टवाले डोकं हलवायला बघत होते आणि त्यांची डोकी अर्ध्यात अडकत होती.

मग दादूस गप्प झाला. मी पत्रा लावला, हात बाजूला घेतले, हातोडा वर उचलला. दादूस माझ्याकडे बघत नव्हता. तो पहिल्या रांगेकडे बघत होता, शेठकडे, आणि तोंड मिटून उभा होता. मी हातोडा वरच धरून ठेवला. हात भरून आला. हॉलमध्ये खुर्च्या करकरल्या. कोणीतरी खोकलं.

"अरे, वाजव की," शेठ पुढून म्हणाला. हसतच.

"हाक आली नाही, शेठ."

"बस झालं आता. पाहुणे खोळंबलेत."

"हाक आली नाही."

"हाक कशाला पाहिजे?" शेठचा आवाज चढला, अगदी शेडमध्ये चढायचा तसा. "तालात मार ना! एक-दोन-तीन, मनातल्या मनात. किती वेळा सांगायचं?"

हे तो बोलला. सगळ्यांसमोर, स्वतःच्या तोंडाने. आपण काय बोललो ते त्याला कळलं नव्हतं. कळलं ते मागच्या भिंतीला. तिकडून प्रेसमध्ये साचे बसवणाऱ्या आमच्या डाय फिटरचा जाड आवाज आला, "ऐकलं, शेठ. सगळ्यांनी ऐकलं." आणि मग दुसऱ्या कोणीतरी, "उन्हाळ्यात पण हेच ऐकलेलं."

गिटारवाल्याचे वडील घाईघाईने माईककडे धावले आणि अल्पोपाहार तयार असल्याचं जाहीर केलं.

ह्यानंतर काही मोठं घडलं असं समजू नका. चौकशी पुन्हा उघडली नाही. शेठ अल्पोपाहाराला न थांबता गेला. दादूसची वॉचमनची नोकरी गेली, लागायच्या आधीच. तो तिथे बटाटेवडा खात उभा होता, शाल अजून खांद्यावर. मी म्हटलं, "दादूस, तुझी नोकरी..." तो म्हणाला, "गप खा. तिखट हाय चटनी, बरी हाय." काकूंनी मला डबा भरून दिला, पण माझ्याकडे बघितलं नाही. गिटारवाला जिन्यात गाठून ओरडला, "माझ्या पहिल्या कॅसेटची वाट लावलीस तू! माझ्या घरचं जेवून!" मी म्हटलं, "ती तुझी एकट्याची होती का?" त्याच्यानंतर आम्ही बोललो नाही. कॅसेटी त्याने तशाच विकल्या. पोरांना आवडल्या. आजही आवडतात.

पुढच्या कामाच्या दिवशी मी शॉपवर गेलो. जाणार नव्हतो, पण दुसरीकडे कुठे जायचं ते माहीत नव्हतं. गेटवरच्या वॉचमनने काठी आडवी धरली. "शेठने सांगितलंय, तुला आत सोडायचं नाही. तुझे कपडे, ताटली मी आणून देतो."

आणि तेवढ्यात आतून आवाज आला, "हाण!" प्रेस पडली. मग बराच वेळ काही नाही. मग दुसऱ्याच कोणाच्या गळ्यातून, "हाण!" वॉचमन खांदे उडवून म्हणाला, "सकाळपासून चालू केलंय सगळ्यांनी. शेठ केबिनमधून बाहेरच आलेला नाही."

मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या डोळ्यांसमोर दादूसचा पंजा आला आणि मी गेटच्या सळ्या धरून शेठला शिव्या द्यायला लागलो, मोठमोठ्याने, आयुष्यात पहिल्यांदा. माझ्याकडच्या आणि इकडच्या, येत होत्या तेवढ्या सगळ्या. वॉचमनने थोडा वेळ ऐकून घेतलं. मग काठीने गेटवर टकटक केलं.

"हळू रे," तो म्हणाला. "आत पॅडलवाल्याला हाक ऐकू आली पाहिजे."